भिंतीवरची पेन्सिलची खूण

ताईस, धाकटीचा नमस्कार.

मी ठीक आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तू जिवाला घोर लावून घेशील. लॉन्ड्रीत इस्त्री करून करून उजवा खांदा आखडलाय, एवढंच. रोज सकाळी गरम पाण्याच्या पिशवीने शेकते, मग भिंतीशी उभी राहून बोटं मुंगीसारखी हळूहळू वर चढवते. जिथे थांबतात तिथे डाव्या हाताने पेन्सिलची खूण करते. तीन महिन्यांत खूण वीतभर वर सरकली. हसू नकोस, गोगलगायही पोचतेच की!

भाऊजींचा खोकला गेला का?

एक सांगायचं राहिलं. काल मी केस कापले, अगदी मानेपर्यंत. हात मागे जातच नाही, वेणी कोण घालणार? आमच्या सुपरवायझर बाईंनी विचारलं, "का गं कापलेस?" तर "उकडतं" म्हणून मोकळी झाले.

आणि तिथेच, इस्त्रीच्या टेबलापाशी, मला रडू फुटलं. जायच्या आदल्या वर्षी आईनेही असेच अचानक केस कापले होते, आठवतं? आपण दोघींनी "मड्डम" म्हणून तिला केवढं चिडवलं! तीही हेच म्हणाली होती, "उकडतं गं."

थंडीचे दिवस होते, ताई.

तुझी,
धाकटी