काकूच्या रांजणातला सोया सॉस

१३ जानेवारी, सोमवार

परवा लिहिलं ते चूक आहे. मोठ्या काकूने फोन आपटला नाही. मीच ठेवला — तिचं बोलणं अर्धवट तोडून. मी दुकानासाठी आणखी सोया मागितला, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "त्या रांजणातला सोया विकायला नाही. तो पितरांच्या नैवेद्याच्या सूपाचा." पुढेही काही सांगणार होती. मला रडू फुटेल म्हणून ठेवून दिला.

माझ्या तोंडीलावण्यांच्या दुकानात काकूच्या सोयाची शेवटची दीड बाटली आहे. तोंडीलावण्याच्या प्रत्येक डब्यावर मी 'घरचा सोया सॉस' लिहिते. पुढच्या आठवड्यात काय लिहू?

१७ जानेवारी

बाटली संपली. कमळकाकडी बाजारच्या सोयात शिजवली, डब्यावर 'बाजारचा सोया' असं खरं लिहिलं. शेजारच्या भाजीवाल्या पिल्सुनमावशींनी चिठ्ठी वाचली. "तोंडीलावणं विकतेस की गुन्हा कबूल करतेस?" तरी तीन डबे घेतले. एक तिथेच उघडला.

"चांगलं आहे. पण काकूचं नाही."

खरं आहे.

१९ जानेवारी, रविवार

सुंचॉनहून पहिल्या बसने काकूच्या गावी. वाटेत माफीची वाक्यं पाठ केली. ती अंगणातच होती. "आलीस? आधी जेव." वाक्यं राहिली. दोन वाट्या भात, मुळ्याचं सूप.

मग तिने मागची खोली उघडली. सोयाबीनचे ठोकळे, पेंढ्याने बांधून छताला टांगलेले; हेच मिठाच्या पाण्यात मुरवले की सोया होतो. मोजले — छत्तीस. दरवर्षी बारा असतात.

"एवढे कोणाला?"

"बारा माझे, चोवीस तुझे. फोन ठेवला नसतास तर तेव्हाच कळलं असतं."

नोव्हेंबरातच केलेत! मी मागायच्या दोन महिने आधी. मी हसत होते, रडतही होते. काकू म्हणाली, "लांब उभी राहून रड. ठोकळे ओले करशील."

२१ जानेवारी

झोप नाही. मिठाचं प्रमाण चुकलं तर सगळं नासेल. काकू मिठाच्या पाण्यात अंडं सोडते. नाण्याएवढं वर दिसलं की झालं. मी लहानपणापासून नुसती बघत आले आहे.

२२ जानेवारी

दुकानात बादली घेऊन करून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं. पिल्सुनमावशी: "अंड्याला पोहायला शिकवतेस होय गं?"

२४ जानेवारी

काकूचा फोन. "छत्तीसही ठोकळे तूच रांजणात घाल. मी यंदा घालत नाही. पुढच्या वर्षी पितरांचं सूप तुझ्या रांजणातल्या सोयाचं."

चांद्र नववर्षाच्या पहिल्या महिन्यातला घोड्याचा दिवस, सोया घालायला शुभ. गुरुवार, सहा फेब्रुवारी, सकाळी. मीठ मी घालणार.