बिनकडेचा तुकडा

प्रिय रेतो,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या सफरचंदाला यंदा इतकी फळं लागली, की टोपली घेऊन निघाले की शेजारीपाजारी दारं लावून घेतात. मी मात्र घरी नाही. ग्रुयेर गावाच्या वरच्या अंगाची आपली खानावळ, खिडकीजवळचं टेबल, मंगळवार, दुपारचा दीड. एकोणतीस वर्षं दर ऑक्टोबरला आपण पिवळ्या बसमध्ये बसून कुठल्या ना कुठल्या गावचं जुनं जेवण जेवायला निघतो. तू मार्चमध्ये बहिणीकडे राहायला गेलास, म्हणून ऑक्टोबर थोडाच यायचा थांबतो?

मालकीण क्लोतिल्दनं दारातच अडवलं. "अगं बाई, एकटीच? आणि आमचा पावाचा इंजिनिअर कुठे हरवून आलीस?" मी म्हटलं, मागच्या बसनं येतोय. धादांत खोटं! पण करणार काय, दोघांपेक्षा कमी माणसांना ती फाँड्यू लावतच नाही. एकट्या माणसाला म्हणे सूप मिळेल. सूप प्यायला का मी चार तास आगगाडीत बसले? मग तिनं वितळलेल्या चिजाचं भांडं आणलं, त्यात पाव बुडवायला लाल टोकाचा काटा माझ्यापुढे ठेवला, हिरव्या टोकाचा तुझ्या रिकाम्या खुर्चीपुढे. वर दमही दिला, "ढवळत राहा हं. बुडाला लागलं तर नवऱ्याला सांगेन तुझ्या." सांग बाई, मनात म्हटलं. सात महिन्यांत आम्ही दोघं मांजराच्या औषधापलीकडे काही बोललेलो नाही.

समोर खुर्ची रिकामी असली की सगळं आठवत बसतं बघ. उरीमध्ये मॅकरोनी-बटाट्यांवर सफरचंदाचा गर बघून तू नाक मुरडलंस आणि मग माझी ताटलीसुद्धा पुसून खाल्लीस. लोझानजवळ लीकची भाजी आणि सॉसेज दुसऱ्यांदा मागवण्याच्या नादात आपली शेवटची बस चुकली. आणि आपला तो नियम! ज्याचा पाव भांड्यात पडेल त्यानं, बाकीच्यांच्यात, मुका द्यायचा किंवा भांडी घासायची. आपल्यात, आजवर न सांगितलेली एक खरी गोष्ट सांगायची. तुझ्या आईचा अक्रोडाचा केक मी तीन वर्षं शेजारच्या कुत्र्याला घालत होते, हे तुला असंच कळलं. कुत्रा फुगला म्हणून तू त्याच्या बिचाऱ्या मालकालाच रागावला होतास. माझाच पाव पडायचा नेहमी. तुझा कधीच नाही. प्रत्येक तुकड्याला कड हवी, काटा मऊ बाजूनं खुपसून कडेत रुतवायचा, मग तुकडा जन्मात सुटत नाही, हे प्रवचन मला पाठ आहे.

गेल्या वर्षी याच टेबलावर तुझा पाव पडला. मी टाळ्या पिटल्या. तू काटा खाली ठेवलास आणि म्हणालास, "उर्सिना, तू घरात असतेस, तरी मला फार एकटं वाटतं." आणि मी काय केलं? क्लोतिल्दला कॉफी आणायला सांगितली. परतीचे चार तास खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर विचारलं, उद्या बटाट्याची रोश्टी करू का. तू पाच महिने वाट बघितलीस आणि मग बॅग भरलीस.

उन्हाळाभर मी तुझ्यावर धुमसत होते. एवढं करून हे ऐकून घ्यायचं? आज पाव कापताना मात्र हात थांबला. रेतोचा पाव पडेलच कसा? तेव्हा आठवलं, तुझ्या ताटलीत त्या दिवशी सोललेली एक कड पडली होती. लहान मुलासारखी कड काय टाकतोस, म्हणून मी तुला चिडवलंही होतं. मऊ तुकडा तू मुद्दाम लावलास. माझ्याशी बोलायला तुला पाव पाडावा लागला, रेतो. मला रडूच आलं. क्लोतिल्दला वाटलं, तोंड भाजलं. फाँड्यूवर गार पाणी चालत नाही म्हणे, म्हणून ती गरम चहा घेऊन धावत आली.

तर आता मीही एका तुकड्याची कड काढली आणि तो काट्याला लावला. लगेच पडला. ऐकायला समोर कुणी नाही, म्हणून लिहून सांगते. मलाही. आपला लेक फ्लुरिन कॅनडाला गेल्यापासून तुझ्यासमोर बसूनही मला एकटं वाटायचं. दोघांनीही ते बोलून टाकलं तर आपल्यात उरणार काय, या भीतीनं मी गप्प बसले. आता खरोखरची एकटी राहून बघितलं. ते याहून वाईट आहे. पत्र आत्ताच्या बसनं टाकते, उद्या तुला मिळेल. वरची खोली मी रविवारपर्यंत घेतली आहे, त्यानंतर क्लोतिल्द हिवाळ्यासाठी कुलूप लावते. हिरवा काटा मी तिला उचलू दिलेला नाही. तू मागच्या बसनं येतोयस, असं सांगून बसले आहे. मला खोटं पाडू नकोस.

अजूनही तुझीच,
उर्सिना