माझ्या भारंभार गूळ

निपाणी,
फाल्गुन वद्य नवमी, शके १८५८

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी आक्काच्या पायांवर धाकट्या भावकूचा माथा. इकडे आम्ही दोघे सुखरूप आहोत. तुझा गुडघा आता कसा आहे? म्हैस व्याली का? अजून कुणी जवळ गेले की शिंग उगारते, की सुधारली? गुऱ्हाळ आटोपले असेल. काहिलीपाशी उभी राहून हात पोळून घेतले नसशील अशी आशा करतो, पण तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे फारशी करत नाही. पत्र नेहमीप्रमाणे शालूच वाचून दाखवील, तेव्हा माझ्या भाचीला अनेक आशीर्वाद. (शालू, कंसातला मजकूर तुझ्या एकटीसाठी आहे. तो आईला वाचून दाखवायचा नाही. मामाचे एवढे ऐक.)

माझ्या तब्येतीची तू चौकशी केली होतीस. आक्का, तब्येत उत्तम आहे, आणि तेच खरे दुखणे आहे. गेल्या पावसाळ्यात विषमज्वराने मी अंथरूण धरले तेव्हा माझे काय झाले होते ते तू पाहिलेस. कडब्याची पेंढी माझ्यापेक्षा अंगाने बरी दिसली असती. तू उशाशी बसून गावच्या लक्ष्मीला बोललीस, ‘माझा भावकू उठू दे, आई. त्याच्या भारंभार गूळ तुझ्या जत्रंत वाटीन, त्यो बी माझ्याच रानातला.’ मी ग्लानीत होतो. पण तंबाखूच्या वखारीत काट्यापाशी जन्म काढलेला माणूस मी, वजनाची भाषा माझ्या कानात शिरल्यावाचून राहते होय? मी मनात म्हटले, ठीक आहे, एवढे आक्काला झेपेल. माझ्यात आता उरलेय काय? ढेपेच्या कोपऱ्यावर भागेल.

देवीने ऐकले. पण तुझा देवीवर विश्वास थोडा कमी पडला, आणि उरलेले काम तू स्वतःकडे घेतलेस. दर बाजाराला तुमच्या शामू गाडीवानाची गाडी संकेश्वराहून निपाणीला यायची आणि तिच्यातून तुझा डबा उतरायचा. कधी डिंकाचे लाडू, कधी खोबऱ्याच्या वड्या, कधी रव्याचे, कधी बेसनाचे. तू औषध म्हणून पाठवत गेलीस आणि मी औषध म्हणूनच खात गेलो. (औषधाची मात्रा मीच ठरवत होतो, ही चूक झाली.) दिवाळीत कोटाची बटणे लागेनात. जया म्हणाली, ‘कोट आटलाय.’ बायको चांगली असावी तर अशी. पण दुपारी वखार रिकामी असताना मी काट्याच्या पारड्यात बसलो, आणि हमाल समोर वजने ठेवता ठेवता थकला. शेवटी अदबीने म्हणाला, ‘मामा, वजनं सपली. तंबाकूचं पोतं ठिवू का?’

(शालू, इथून पुढचा सगळा परिच्छेद गाळ. लाजू नकोस, आणि मोठ्याने तर मुळीच वाचू नकोस. भाऊजी गेल्यापासून तुमच्या हाती तो उसाच्या रानाचा एवढासा तुकडा. त्याचा गूळ वर्षभर पुरवायचा, त्यातूनच वैशाखात तुझ्या लग्नाच्या पोळ्या करायच्या. आणि नवस फेडल्याशिवाय दारात मांडव घालायचा नाही, ही आपल्या घरची रीत. म्हणजे आधी चैत्रातल्या जत्रेत माझी गूळतुला, मग तुझे लग्न. आज मी पारड्यात बसलो तर तुमचा सगळा गूळ समोर चढेल तेव्हा कुठे मी जमिनीवरून उठेन, आणि लग्नाला ढेकूळही उरणार नाही. मी गूळ घेऊन देतो म्हटले तर तुझी आई म्हणते, दुसऱ्याच्या गुळानं नवस फिटत न्हाय. एरवीही ती माझे काही घेत नाही. मागल्या संक्रांतीला लुगडे धाडले, तेही परत आले. तेव्हा मला एकच वाट उरली, स्वतः आटायचे. मी इथे एक लाडू खाल्ला की तिकडे तुझ्या पंगतीतली एक पोळी उणी होते, हे मी लाडू हातात घेताना मनात आणतो. मग लाडू गोड लागत नाही. पण संपतो.)

तर आक्का, सहज म्हणून, काहीही कारण नसताना, मी थोडे बारीक व्हायचे ठरवले. जयाला सांगितले, आजपासून ज्वारीची एक भाकरी, भाजी आणि ताक. तिने ऐकले. शिवाय एकादशीचा कडक उपवास धरला. पण उपवासाच्या माणसाबद्दल लोकांना फार माया असते. शेजारणीने राजगिऱ्याचे लाडू दिले, समोरच्यांनी रताळी गुळात शिजवून पाठवली, आणि उपवास मोडू नये म्हणून मी सगळे खाल्ले. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. दुसऱ्या दिवशी पारडे उपवास करून आल्यासारखे दिसले नाही.

मग वैद्यांकडे गेलो. ते म्हणाले, सकाळी कोमट पाण्यात चमचाभर मध घ्या, चरबी झडते. जांबोटीकडचा एक माणूस बाजाराला रानातला मध आणतो, त्याच्याकडून गाडगे भरून घेतला. मध खरा निघाला, आणि तेच वाईट झाले. चमचाभर पाण्यात टाकायचा, तर चमच्याला थोडा चिकटून राहायचा. तो वाया जाऊ नये म्हणून चाटायचा. चाटलेला चमचा धुण्याआधी पुन्हा एकदा बुडवला तर काय बिघडते? पुढे पुढे पाण्याचा मध्येच काय अडथळा असे वाटू लागले. गाडगे संपले तेव्हा वैद्य म्हणाले, ‘येवढ्यात संपला?’ मी म्हटले, ‘मुंग्या.’

सगळ्यांत मोठी फसगत झाली ती आमच्या मालकांच्या, म्हणजे कलगोंडाअण्णांच्या घरी. दिवसभराचा तोल सांगायला मला रोज त्यांच्याकडे जावे लागते, आणि त्या घरी गेलेल्याचे तोंड गोड केल्याशिवाय चंदनाक्का सोडत नाहीत. मी डोके लढवले. ती माणसे जैन, दिवस मावळल्यावर चूल बंद, मुखात घास नाही. म्हटले, आपण दिवे लागल्यावरच जायचे. दोन-चार संध्याकाळी छान गेल्या. तोल सांगितला, कोरड्या तोंडाने घरी आलो, स्वतःच्या अकलेवर खूश झालो. पण चंदनाक्कांच्या ध्यानात आले की हा बिचारा कामाच्या ओझ्यामुळे उशिरा येतो आणि उपाशी जातो. मग त्या उजेडातच माझे काढून ठेवू लागल्या. एका संध्याकाळी माझ्या हातात हुग्गीने, म्हणजे गव्हाच्या खिरीने भरलेली कासांडी आणि वर फडक्यात बांधलेल्या साटोऱ्या आल्या. ‘तगोळ्री, घ्या भावकूअण्णा,’ त्या म्हणाल्या, ‘आमच्यात रातचं चालत न्हाय, तुमच्यात चालतंय की. घरला न्हेऊन निवांत खावा.’ पूर्वी त्यांच्या देखत वाटीभर खाऊन सुटका होत असे. आता घरी कासांडी, आणि बघायला कुणी नाही. त्या गुळाच्या हुग्गीत त्यांनी खसखस घातली होती, आक्का. मी काय करणार?

होळीचे तर बोलूच नकोस. मी आधीच बजावले होते, पोळी एकच खाईन. जयाने मान डोलावली आणि एकाच पोळीची घडी ताटात वाढली. उलगडून पाहतो तर घडीच्या पोटात दुसरी पोळी. मी वर बघितले तर ती चुलीतला जाळ सारखा करत होती. रागावणार कुणावर? पावसाळ्यात मला पेज भरवणारा हात तिचाच होता. चमचा ओठांशी नेऊन ती तास तास वाट बघायची. त्या माणसाला मी पोळी नको म्हणून कसे सांगू? म्हणून तिसरीही खाल्ली.

(शालू, हेही गाळ. काट्याच्या साऱ्या लबाड्या मला ठाऊक आहेत. पारड्याखाली काय चिकटवायचे, दांडीला अंगठा कुठे टेकवायचा, हे बघून बघूनच मी म्हातारा होत आलो. जत्रेत गूळ चढवताना कुणाला कळणार नाही असा मी निम्म्याने हलका होऊ शकतो. एक रात्र तो विचार मनात आलाही. पण शेतकऱ्याच्या तंबाखूला मी कधी अंगठा लावला नाही, तो माझ्या जिवाच्या मोबदल्याला लावू? मग देवी म्हणेल, निम्माच वाचवायला हवा होता.)

असो. जत्रेला अजून अवकाश आहे. मी रोज वखारीभोवती फेऱ्या मारतो आहे. माझे एकच मागणे, यापुढे डबा पाठवू नकोस. रागावू नकोस, दातांना गोड सोसत नाही. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा,
भावकू

ता. क. पत्र चिकटवणार एवढ्यात शामूची गाडी आली. जयाने मागल्या बाजारी त्याच्यापाशी सगळे बोलून टाकले आणि त्याने ते तुझ्यापाशी, असे आता कळते. म्हणजे कंसात झाकलेले तुला आधीपासून ठाऊक होते. (शालू, तूही पहिल्यापासून सगळे मोठ्यानेच वाचत असशील.) शामूने तुझा निरोप सांगितला, ‘भावकूला म्हणावं, पावसाळ्यात मी देवीपाशी तुला मागितलंतं, तुझ्यातलं थोडं न्हवं. जेवढा भरशील तेवढा माझा भाऊ मला माघारी मिळाला. रोडावून आलास तर काट्याला हात लावायची न्हाय.’ तो सांगत होता आणि मी डब्याच्या झाकणाकडे बघत होतो, कारण त्याच्या तोंडाकडे बघवेना. मग झाकण उघडले. बेसनाचे आहेत. फार चांगले झालेत, आक्का. थोडे खारट लागले, पण तो तुझा दोष नाही.

ता. क. दुसरा. रिकामा डबा माघारी धाडू नये, म्हणून त्यात चंदनाक्कांच्या साटोऱ्या भरल्या आहेत. डबा निम्माच भरलेला दिसेल. शामूला बोल लावू नकोस, तो इथेच निम्मा झाला. देवळातल्या काट्याला माझे वजन पेलणार नाही, तेव्हा वखारीतला मोठा काटा मालकांना विचारून गाडीत घालून आणतो.

ता. क. शेवटचा. नवसाचा गूळ तुझ्या रानातला, सगळाच्या सगळा चढव, मी पोटभर जेवून पारड्यात बसेन. पण नवरीला बोहल्यावर मामाच नेतो, आणि त्या मामाला पंगतीतल्या पोळ्यांवर हक्क नसेल तर कुणाला आहे? लग्नाचा गूळ माझा. पाडव्याआधी शामू तो तुझ्या दारात उतरवील. तो लुगड्यासारखा माघारी आला तर मी पारड्यात बसणार नाही. मी बसलो नाही तर नवस राहील, आणि नवस राहिला तर मांडव नाही. शालू, हे कंसात घातलेले नाही. मोठ्याने वाच, आणि आक्का ऐकता ऐकता उठून म्हशीकडे गेली तर मागोमाग जाऊन वाच.