खिडकुलीची फळी

रत्नागिरी
५ फेब्रुवारी २०२५

ती. पुंजाजीमामा व सौ. रंगूमामी यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही मनानं जोडता, म्हणून पत्रच लिहिते. मागच्या वेळी मी शीड म्हटलं, तुम्ही सीड ऐकलं, आणि मामीनं भेंडीचं बियाणं पाठवून दिलं. (उगवली. छान आहे.)

तर बातमी ही, की पवननं आणि मी एक जुनी शिडाची बोट घेतली आहे. लहानशीच. तीन पायऱ्या उतरून गेलं की आत दोघांना झोपण्यापुरती खोली. त्या पायऱ्यांच्या तोंडाला बिजागरीचं दार नसतं. दोन्ही बाजूंना उभ्या खाचा असतात, त्यांत तीन आडव्या फळ्या एकावर एक सोडायच्या, झालं दार. मागून लाट आली तर पाणी आत शिरायची हीच वाट, म्हणून फळ्या चोख हव्यात. आधीच्या मालकानं साध्या प्लायवूडच्या केल्या होत्या, त्यांचे थर चिरोट्यासारखे सुटलेत.

पवनला ॲक्रिलिक हवं, आरपार दिसतं म्हणून. मला सागवान हवं. बोटी बांधणारे म्हणतात, समुद्रासाठीचं वेगळं प्लायवूड मिळतं ते घ्या, कडा रंगानं बुजवा आणि विसरा. तुम्ही सांगाल ते खरं. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात जाईल तेव्हा नारळ मामीनं फोडायचा आणि पहिली फेरी तुम्ही दोघांनी मारायची, हे मी ठरवून टाकलंय.

माया आहे तेवढीच राहू द्या, सल्ला मात्र जास्तीचा पाठवा.
तुमची,
राखी


मेडशी
१४ फेब्रुवारी २०२५

चि. राखीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. मामीचे पण तेवढेच, वर चार जास्त.

लोक ट्रॅक्टर घेतात, तुमी बोट घेतली. बरं केलं, तिले डिझेल तरी कमी लागन. तुझं पत्र मामीनं दोनदा मोठ्यानं वाचलं आणि लगेच पेटीतलं लुगडं उन्हात टाकलं. तिनं जन्मात पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे वाशिमजवळचं एकबुर्जी धरण. तिथंही ती चप्पल काढून उभी राहिली होती. समुद्र दाखवा म्हणते तर दरवर्षी आमची तूर आडवी येते. यंदा म्हणते, तूर तुमी सांभाळा, मी एकटी चालली.

आता माझं ऐक. मले हे पाण्याचं काम पसंत नाही. मी विहिरीच्या मोटारी दुरुस्त करता करता म्हातारा झालो, पाणी कुठून शिरते हे मले कोणी शिकवू नये. ते दार माझ्या मनासारखं झाल्याशिवाय मामीचा पाय त्या बोटीत पडणार नाही. आणि मी तर काठावरच बसणार, ते पक्कं समज.

प्लायवूड म्हणजे डिंकाच्या भरवशावरचा संसार. पवनचं ते ॲक्रिलिक म्हणजे बिस्किटाची बरणी. आत कोण हाय, काय खाऊन राह्यलं, सारं बाहेर दिसते. सागवानच घे. आणि हे दार तू पाह्यलं हायेस, पोरी! रिसोडला फय्याजभाईचं किराणा दुकान आठव. सकाळी एकेक फळी खाचेतून काढायची, संध्याकाळी नंबरावारी लावायची. तेच दार आडवं केलं की तुझी बोट.

जीव लावत राहा, पाण्यापासून दूर राहा.
तुझा मामा,
पुंजाजी


रत्नागिरी
२ मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानाची गोष्ट वाचून मी एकटीच हसत बसले. अगदी तेच दार! पण मामा, सगळ्या फळ्या लाकडाच्या केल्या की आत भर दुपारी कणगीत बसल्यासारखं होतं. जुन्या फळ्या लावून पाहिल्या, तर अंधारात आपटून पवनच्या डोक्याला दोन टेंगळं आली. आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. वारा वाढला की एकजण बाहेर सुकाणूवर, दुसरा आत, मध्ये फळ्या. तेव्हा तो दिसला नाही, तर मी दर मिनिटाला फळी काढून बघत बसेन. म्हणून मीसुद्धा आता बरणीच्या बाजूला झुकले आहे. मामीला विचारा, ती काय म्हणते.

दाराच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून सोबत ठेवला आहे. फळीवर फळी बसते तिथं वरची खालचीवर बाहेरून उतरती यायला हवी, म्हणजे पाणी ओघळून जातं.

रागावलात तरी पत्रातच रागवा, म्हणजे उत्तर तरी येईल.
राखी


मेडशी
९ मे २०२५

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद.

मामी पवनच्या बाजूनं गेली. म्हणे, नवरा दिसला पाहिजे. मी म्हटलं, इतकी वर्षं दिसून राह्यलो त्याचं काय. तर म्हणे, म्हणूनच तर बाहेर पाहाची हौस राह्यली.

मग रिसोडला गेलो. दुकानाले शटर बसलं! फळ्या मागच्या अंगणात, आणि त्यावर एक बकरी आमदारासारखी उभी. मी फय्याजभाईले तुझी बोट समजावली. त्यानं बकरी उतरवली आणि म्हणे, घेऊन जा. बदल्यात फक्त एक कळवा, समुद्राचं मीठ आमच्या सागवानाले खाते का सागवान मिठाले.

त्यांत एक फळी निघाली, तिच्या मधोमध विताएवढी खिडकुली. मी विसरलोच होतो. जुम्म्याच्या दुपारी मर्द लोक नमाजले जात, दुकान फळ्या लावून बंद. आत फय्याजभाईची अम्मी, नजमुन्निसाबी, बसून राहायची. फळीवर दोन टकटक केल्या आणि विचारलं, दुकान उघडं हाय का, की खिडकुलीतून हात बाहेर. साखर, चहापत्ती, काय लागन ते. मामी लग्नानंतर पहिल्यांदा बाजारात गेली ती अशाच एका जुम्म्याच्या दुपारी, आणि तिले साखर मिळाली ती तिथूनच. फळ्या घरी आणल्या, तर मामी त्या फळीवर नुसती हात फिरवत बसली.

म्हणून निकाल देतो. तिन्ही फळ्या सागवानाच्या, खिडकुलीवाली सर्वांत वर. त्या भोकात पवननं आपल्या बरणीचा जाड तुकडा बसवावा, चारी बाजूंनी पक्का चिकटवून. दोघांचंही झालं. आपल्या हरिसिंग सुतारानं तुझ्या कागदाबरहुकूम कापल्या, उतार छपराच्या कवेलूसारखा काढला. मी उभं राहून सुईइतकीही फट ठेवू दिली नाही. बारदानात बांधून पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं पाठवल्या, पुढची सोय पवननं पाहावी. आत तुरीची डाळ हाय, तिचा बोटीशी संबंध नाही.

तुले आठवण येते हे दिसू दे, खिडकी त्यासाठीच हाय.
पुंजाजी


रत्नागिरी
२१ जुलै २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फळ्या इतक्या देखण्या आहेत की शेजारच्या बोटीवाले येऊन हात लावून जातात. मेमध्ये लोण्यासारख्या सरकल्या. पण काल पवन आतून फळ्या लावून बसला, आणि त्या निघेनात. तिन्ही खाचेत फुगून बसल्या. मी बाहेरून ओढतेय, तो आतून ढकलतोय. बोट अजून जमिनीवर, म्हणून हसू आलं. शेवटी बोटीच्या पुढच्या टोकाला छतात हवेसाठी झाकण असतं त्यातून निघाला, ते झाकण त्याच्यापेक्षा बारीक आहे. खिडकीतून मात्र त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

आता काय करू? पाण्यात असं झालं तर मामीला मी आत बसवणार नाही.

घाईनं, पण मायेनं,
राखी


मेडशी
३० जुलै २०२५

चि. राखीस,
आशीर्वाद, पवनच्या खांद्याले वेगळे.

मेडशीचं मे महिन्याचं ऊन लाकडाचा थेंबन् थेंब पिते आणि तुमची हवा दुप्पट परत पाजते. हे मले सुचलं नाही. सुई सरकू देत नाही म्हणून मी मिशीले पीळ देऊन राह्यलो होतो. फय्याजभाईकडं गेलो तर तो हसला. म्हणे, अब्बा नवीन फळी खाचेत बसवताना पोस्टकार्ड दुमडून बाजूला घालून पाहत. दुमडलेलं कार्ड भर पावसाळ्यात सरकलं तरच फळी पास. मी म्हटलं, हे आधी काहून नाही सांगितलं? तर म्हणे, तुमी तर मलेच समजावून राह्यले होते, मी कधी सांगू?

म्हणून यावेळी पत्र पोस्टकार्डावर हाय. वाचून झालं की मधोमध दुमड. आत्ता, पावसातच, फळ्यांच्या टोकांवरून रंधा फिरवा. हे पत्र खाचेत सहज सरकलं पाहिजे. मग तेल पाजा.

तूर पेरली. मामीनं तिकिटं काढायले लावली. मी काठावर बसणार, ते कायम.

जागा संपली, लोभ संपला नाही.
पुंजाजी


रत्नागिरी
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय फय्याजभाईंस,
सलाम व नमस्कार.

तुमच्या फळ्यांची खबर द्यायची कबूल केली होती, म्हणून इथूनच लिहितो. राखीनं माझं पोस्टकार्ड अजून जपलं हाय. मी खाचेत घालून पाह्यलं, तुमच्या अब्बांच्या हिशेबानं पास.

काल मामीनं, म्हणजे आमच्या रंगूबाईनं, नारळ फोडला. चप्पल काढून बोटीत चढली, मागं वळून न पाहता आत जाऊन बसली. मी धक्क्यावर बसलो. पवननं फळ्या एकामागून एक सोडल्या आणि बादलीनं समुद्र त्यांच्यावर फेकला. मग खिडकुलीत तिचा चेहरा आला, आणि ती आतून हात हलवून राह्यली. पदर कोरडा. इतकी खूश मी तिले तूर विकल्यावरही पाहिली नाही.

राखी म्हणे, मामा, आता निघतो. बोटीचा दोर सोडाले घेतला. मले काय झालं ठाऊक नाही. मी उठलो, पवनचा हात धरून बोटीवर पाय ठेवला, फळीवर दोन टकटक केल्या आणि विचारलं की दुकान उघडं हाय का.

आतून उत्तर आलं की दुकान उघडं हाय, पण आज माल खिडकीतून मिळत नाही, गिऱ्हाइकानं आत यावं लागन.

फळ्या वर उचलल्या, एकही अडली नाही. मी आत गेलो.

मिठाचं एका वर्षानं कळवीन, तोवर आम्ही येत जाऊ. अम्मीले रंगूबाईचा सलाम सांगा, आणि सांगा की त्यांच्या खिडकुलीतून आता समुद्र दिसते.

ओल समुद्रापाशी राहो, माया आपल्यापाशी.
आपला,
पुंजाजी