दोन चाकू, एक आबांचा

३ जानेवारी १९५४, जामनेर
बस उशिरा. पांढरे केस धुळीने तांबडे झाले. ताराने दारातच म्हटलं, "अक्का, किती वाळलीस!" मोठ्या बहिणीला असं म्हणायचं असतं म्हणून म्हणते. स्वतः सुखाने सुटली आहे. अंगणात केळीचे घड, ओसरीवर कापूस, घरात दोन सुना.
जेवणानंतर तिच्या यजमानांनी, वसंतरावांनी, पेरू कापायला खिशातून चाकू काढला. आबांचा. मी पेरू खाल्ला नाही.

४ जाने.
आबा जंगलखात्यात होते तेव्हाचा हा चाकू. पिंपळनेरच्या बंगल्याच्या पायरीवर बसवून त्यांनी मला शिकवलं. धारेला भुलू नकोस, धार कोणीही लावतो. मिटलेला चाकू उजेडाकडे धर. सांध्यांवरून बोट फिरव. आवाज ऐक. तारा तेव्हा पाळण्यात होती.
शेवटची सहा वर्षं आबा अंथरुणावर, ताराकडे. मी सुट्टीत जाऊन येत असे. ते गेले, चाकू तिथेच राहिला. मला कोणी विचारलं नाही. दरवेळी ठरवून येते की यंदा विषय काढायचा नाही.
आज काढला. "आबांचा चाकू जावयाच्या खिशात शोभत नाही."
तारा हसली. "तुला पुणं मिळालं, अक्का. बी.ए. झालीस. मला चाकू."
वसंतराव शेतावर काम आहे म्हणून उठून गेले. काम नव्हतं.

५ जाने.
सकाळी ताराने ताटलीत दोन चाकू आणून माझ्यापुढे जमिनीवर ठेवले. हातात दिले नाहीत. धारेची वस्तू हातात दिली की भांडण होतं म्हणे. आमच्यात आणखी व्हायचं काय राहिलंय?
प्रकार असा. दिवाळीत चाकूची कमान, पातं दाबून धरणारी पाठीची पट्टी, तुटली. वसंतरावांनी सोनगीरच्या कारागिराकडून नवी कमान बसवून घेतली, मुठीला नव्या शिंगाच्या पट्ट्या लावून घेतल्या आणि माझी कुरकुर कायमची मिटावी म्हणून तस्साच दुसरा करवून घेतला. झिजून अरुंद झालेलं पातंसुद्धा हुबेहूब. दोन्ही घासूनपुसून आरशासारखे. आबांच्या वापराची एक खूण ठेवली नाही मेल्याने.
"तू पारखी ना? मग ओळख," तारा म्हणाली. "उचलशील तो तुझा."
सुना दाराआडून बघत होत्या. मी चष्मा पुसला.
पहिला: मिटल्यावर पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे, कुठे घासत नाही. कमान आणि पट्टी यांच्यामधून उजेड येत नाही. डोळे मिटून बोट फिरवलं, एकही खिळा लागला नाही. उघडून पातं हलवलं, तसूभर हललं नाही. मिटताना एकच स्वच्छ टक्.
दुसरा: पातं एका अंगाला कललेलं, मिटताना पट्टीला निसटतं लागतं. मुठीच्या शेपटाकडे केसाएवढा उजेड. आवाज बसका. धार मात्र पहिल्यापेक्षा चांगली.
दार नीट लागत नाही एवढ्यावरून आबांनी सुताराला कपाट परत न्यायला लावलं होतं. असा माणूस कललेलं पातं जन्मभर खिशात ठेवील? पहिला उचलला.
"नक्की?"
"नक्की."
"बरं," तारा म्हणाली, आणि दुसरा उचलून भाजी चिरायला गेली.
या 'बरं'चा अर्थ काय?

९ जाने., धुळे
शाळा सुरू. चाकू मुद्दाम टेबलावर ठेवला. आमचा शिपाई गोविंदा: "झकास शे, बाई. नवा लिधा का?"
"नवा नाही. माझ्या वडिलांचा आहे. जुना."
त्याने उघडून मिटून पाहिला. "वाटस नही."
त्याला घंटा द्यायला पाठवलं. घंटेला अजून वेळ होता.

१२ जाने.
दुपारी आंब्याच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि एकदम आठवलं. आबा कैरी कापताना. डाव्या हाताने. ते डावखुरे होते, आणि पात्याच्या अंगावर अंगठा दाबून कापायची त्यांची खोड. आई ओरडायची, पातं वाकवाल एक दिवस.
म्हणजे कललेलं पातं...
की ती नुसती कारागिराची हयगय? तीही असू शकते. पण पुढे जेवण गेलं नाही. मी सफाई बघितली. न वापरलेल्या वस्तूला सफाई असतेच. आबांनी शिकवलं ते दुकानात वस्तू घेताना बघायचं.
ताराला ठाऊक होतं. म्हणून 'बरं'.

१७ जाने.
रविवार नसता तरी गेले असते. सोनगीरला, त्या कारागिराकडे. चाकू पिशवीत. मनाशी वाक्य तयार: यातला तुम्ही केलेला कोणता, हा की माझ्या बहिणीकडचा?
तो पितळ ठोकत बसला होता. मान वर करून म्हणाला, "काय दिऊ, बाई?"
मी मुख्याध्यापिका. वडिलांचा चाकू ओळखता आला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?
पितळेची तपेली घेऊन आले. घरात तीन आहेत.

६ फेब्रुवारी
तारा डोळे दाखवायला धुळ्याला आली, मुक्कामाला माझ्याकडे. तिच्या पिशवीतून चाकू निघाला. मी आधीच पेरू आणून ठेवले होते. का, ते लिहीत नाही.
अखेर विचारलंच. "तारा, खरं सांग. आबांचा कोणता?"
"मला काय ठाऊक? कारागिराकडून दोन्ही एकाच फडक्यात आले. यांनाही कळलं नाही."
"मग 'बरं' का म्हणालीस?"
"तू 'नक्की' म्हणालीस म्हणून. दोन्ही कापतात की, अक्का."
तिला ठाऊक नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. मी महिनाभर नीट जेवले नाही.
मग ती पेरू कापायला बसली. चाकू उजव्या हातात. अंगठा पात्याच्या अंगावर आडवा दाबलेला. थेट आबा.
"असं कापायला कोणी शिकवलं?"
"कोणी नाही. आबांना शेवटी हातात धरवत नसे, तर मी कापायची आणि ते बघायचे. जोर दे, म्हणायचे. कसं कापते मी?"
मी पेरू घेतला. गोड होता. तिला सांगितलं नाही.

७ फेब्रु.
तारा सकाळच्या बसने गेली. रात्री दोन्ही चाकू धुऊन तिने एकाच ताटलीत मिटून ठेवले होते. निघताना घाईत, "अक्का, माझा घेते गं," म्हणाली आणि न बघता एक उचलून पिशवीत टाकला. मी चुलीपाशी होते. थांब, म्हणायला तोंड उघडलं होतं.
ताटलीत एक चाकू आहे. मिटलेला. संध्याकाळ झाली, उजेडाकडे धरून पाहिलेला नाही.