नावाची चिठ्ठी

ओकडेल, ओहायो
१४ जून १९६२

ती. आयडेलाताईस,
सा. न. वि. वि.

अखेर आमच्या रस्त्यावर पहिलं काळं कुटुंब राहायला आलं! आठ वर्षं आम्ही तेवीस बायका दारोदार फिरलो, काळे आले की घरांचे भाव बुडतील म्हणून गोऱ्यांना भीती घालणाऱ्या दलालांना पुरून उरलो, घाबरून कुणी विकून पळू नये म्हणून अंगणात 'घर विकणे नाही'च्या पाट्या ठोकल्या. तू मला सुधारकबाई म्हणून चिडवायचीस ना? आता बघ!

गेन्स त्यांचं आडनाव, नवरा दातांचा डॉक्टर आहे. बायको शहरातल्या शाळेत लॅटिन शिकवते. तिच्या स्वागताला चर्चच्या तळघरात कॉफी आणि केक ठेवला. कोटावर लावायच्या नावांच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या, तिच्या चिठ्ठीवर फूलही काढलं. परकं वाटू नये म्हणून भाषणात तिला सरळ पहिल्या नावानं अर्नेस्टीन म्हटलं. सगळ्यांनी तेच उचललं. आता माझी सात वर्षांची पेगीसुद्धा कुंपणावरून तशीच हाक मारते.

पण ताई, त्यानंतर ती एकाही बैठकीला आली नाही. दार उघडते, हसते आणि काम आहे म्हणते. आमचं चुकलं तरी काय? हे लोक गेले तर दुसरं कुणी इथे यायला धजणार नाही. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी माया आहेच, ती असू दे.
व्हर्ना

सीडर फॉल्स, आयोवा
२५ जून १९६२

चि. व्हर्नास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलं होतंस? मी सांगते. तू स्वतः मिसेस लिंडक्विस्ट, मग मिसेस हॉफ, मिसेस अमुक, मिसेस तमुक. आणि एकट्या त्याच नुसत्या अर्नेस्टीन.

आपल्याकडे धुणं धुवायला यायची ती लूला आठव. साठीची काळी बाई. आपण फ्रॉकातल्या पोरी तिला लूला म्हणायचो आणि ती तुला मिस व्हर्ना म्हणायची. तिचं आडनाव मला आजही माहीत नाही. लाज वाटते मला. घरचं तेच वळण त्या चिठ्ठीवर तुझ्या हातून उतरलं, बाई.

जा आणि माफी माग. तिथे रडत बसू नकोस, नाहीतर त्यांनाच तुझी समजूत घालत बसावं लागेल.

रागावले म्हणून लोभ उणा झाला असं समजू नकोस.
आयडेला

ओकडेल
९ जुलै १९६२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच खरं निघालं. मिसेस गेन्सनी मला बसवलं, कॉफी दिली. त्यांची आई जॉर्जियात एकाच घरी तीस वर्षं राबली. ती वारली तेव्हा मालकांच्या पुष्पचक्रावर नुसतं 'फ्लॉसी' लिहिलेलं होतं. दगड मारणाऱ्यांसाठी आम्ही मनाची तयारी करून आलो होतो, तुमच्या केकसाठी नव्हती केली, असं त्या म्हणाल्या. शहरात त्यांना सगळी मुलं मिसेस गेन्स म्हणतात. इथे शेंबड्या पोरींनी नावाने हाका मारलेल्या रोज ऐकवत नाहीत त्यांना. घर विकायला काढलंय.

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पण बेत बदलला नाही. तेवीस जणींच्या मेहनतीवर मीच पाणी फिरवलं, ताई. फार वाईट वाटतंय.

निघताना दारात मी म्हटलं, मला निदान व्हर्ना तरी म्हणा. त्या शांतपणे म्हणाल्या, की कुणाला काय म्हणायचं ते आधी विचारायचं असतं, मिसेस लिंडक्विस्ट.

तू तरी मला अंतर देऊ नकोस.
व्हर्ना