वरताळा परत मागणारा साहेब

इटाउगुआ, मंगळवार

ती. देल्फिनाताईस,

धाकट्या नीकोलासाचा वाकून नमस्कार. काकुपेच्या माउलीच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट. माझा डावा डोळा तेवढा शुक्रवारपासून फडफडतो आहे. तुझे गुडघे कसे आहेत? त्यांच्यासाठी मेणबत्ती लावली आहे (छोटी, मोठीचा भाव विचारू नकोस).

माझी न्यांदुतीची, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लेसची चादर तू पाहिलीच आहेस. अकरा महिने चौकटीवर वाकून एकेक जाळी विणली, खळ दिली, आणि ती विकून वादळांच्या आधी स्वयंपाकघराचे पत्रे बदलीन असं माउलीपुढे बोलून बसले. इथलं गिऱ्हाईक अर्ध्या किमतीला मागतं आणि जाताना वरताळा म्हणून दोन रुमाल उचलतं, म्हणून यंदा फोनवर फोटो टाकला. तिसऱ्याच दिवशी समुद्रापलीकडच्या कुणा डेस्मंडसाहेबाने तीस लाख ग्वारानीला होकार दिला, तोही घासाघीस न करता! (जिथे घासाघीस नाही तिथे पाणी मुरतं, हे मॅट्रिक झालेल्या बाईला कळायला हवं होतं.) शुक्रवारी शिक्का मारलेली बँकेची पावती मेलवर आली, ती पन्नास लाखांची. मला भरूनच आलं गं. आपल्याकडे विकणारा वरताळा देतो. हा घेणारा असून वीस लाखांचा देतो! त्याच्या नावाने मी अख्खी जपमाळ ओढली.

शनिवारी त्याचा निरोप: चुकून जास्त गेले, वरचे वीस लाख राजधानीतल्या माझ्या माणसाला आजच पाठवा. ताई, दिलेला वरताळा परत मागणारा माणूस तू जन्मात पाहिलास का? आपली चिपावाली प्लासिडा नवऱ्यालासुद्धा चिपा मोजून वाढते, पण तीही कधी मागत नाही. शिवाय पैसे पाठवायची फी कुणी भरायची? मी कळवलं, त्यापेक्षा वीस लाखांचे रुमाल विणून देते, दोन वर्षं थांबा. तर साहेब एकदम अरेतुरेवर! पोलिसांत देतो म्हणाला.

काल बँकेत गेले. खिडकीवरची पेर्ला (वेनान्सियाची सून) खातं बघून म्हणाली, "मावशी, एक ग्वारानी आलेला नाही. पावती काय, कुणीही बनवतं. खात्यात रक्कम दिसली आणि आम्ही पक्की झाली म्हटलं, की मगच माल हलवायचा. जास्तीचे आलेच तर ते परत करणं बँकेचं काम. तिऱ्हाइताला छदाम द्यायचा नाही."

"मी काय दूधखुळी वाटले तुला?"

"गेल्या आठवड्यात शाळामास्तरही हेच म्हणत आले होते. पैसे देऊन."

सगळं वहीच्या पहिल्या पानावर माउलीच्या चित्राखाली लिहून ठेवलं आहे. एकंदरीत माझा छदाम गेला नाही. तुला परदेशी व्यवहार जमायचे नाहीत म्हणून हे मला डिवचत होते. आता म्हणावं, बोला!

तुझी,
नीकोलासा

ता. क. चादर मी शुक्रवारीच रवाना केली. जपमाळ झाल्या झाल्या. हे समजतात ती पेटीत आहे, आणि रोज त्याच पेटीवर बसून टेरेरे पितात. फोनवर बोलले की ह्यांचे कान टवकारतात, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरबरोबर. पार्सल तिकडे राजधानीत, तुझ्या घराजवळच्या टपाल कचेरीत पडून आहे. साहेबाचा माणूस गुरुवारी न्यायला येणार. मात्र पाठवणारी म्हणून मी तुझंच नाव घातलं होतं (परत आलं तर तुझ्याकडे येईल, इथपर्यंतचं भाडं वाचेल). पाठवणारीला पार्सल परत घेता येतं, तेव्हा सोबतची टपालाची पावती आणि तुझं ओळखपत्र घेऊन उद्या, बुधवारी, कचेरी उघडायच्या आत दारात उभी राहा. गुडघ्यांना सांग, मोठी मेणबत्ती लावते.

पुन्हा ता. क. पार्सलात सहा रुमालही आहेत, साहेबाला वरताळा म्हणून घातलेले. ते तुला. आपल्यात परत मागायची रीत नाही.